क्रूझच्या दारातून परत फिरायचं नसेल तर

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात, क्रूझच्या टर्मिनलवर काउंटरमागच्या मुलीने मावशीचा पासपोर्ट उघडला, शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, स्टिकरवर नख टेकवलं आणि मान हलवली. नखाखाली दोन आकडे होते, ०१. आमच्या बाकी सहा जणांच्या स्टिकरवर त्याच जागी ‘मल्ट’ अशी अक्षरं होती, म्हणजे मल्टिपल, अनेकदा प्रवेश. जहाज ग्रीसमधून निघून एक दिवस तुर्कस्तानातल्या कुशादासीला लागणार आणि पुन्हा ग्रीसच्या बेटांवर येणार होतं. म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडून परत आत. मावशीला आत येण्याची परवानगी एकदाच होती, आणि ती दोन दिवसांपूर्वी अथेन्सच्या विमानतळावर वापरून झाली होती. “मी कुशादासीला बोटीतून उतरणारच नाही, असं सांग तिला,” मावशी म्हणाली. मी सांगितलं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि पासपोर्ट परत दिला.

मावशीची बॅग तोवर पोर्टरच्या गाडीवरून जहाजाच्या पोटात गेली होती, रक्तदाबाच्या गोळ्यांसकट.

तेव्हापासून नात्यातलं किंवा सोसायटीतलं कुणी क्रूझला निघालं की मला फोन येतो. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

जहाजवाले एवढे कडक का

विमान तुम्हाला एका देशात नेऊन सोडतं. जहाज आठवड्यात तीन-चार देश फिरवतं आणि बहुतेक वेळा निघालं तिथेच परत आणतं. वाटेत एखाद्या देशाने तुम्हाला अडवलं, तर तुम्हाला ठेवायचं कुठे आणि परत पाठवायचं कुणाच्या खर्चाने, हा प्रश्न कंपनीच्या गळ्यात पडतो. वर दंड. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार, योग्य कागद नसलेला प्रवासी आणणाऱ्या कंपनीला माणशी ३,००० ते ५,००० युरोंच्या घरात दंड होऊ शकतो. म्हणून तपासणी पहिल्याच धक्क्यावर उरकतात. तिथे बसलेली व्यक्ती इमिग्रेशन अधिकारी नसते. ती कंपनीची कर्मचारी असते, तिच्यासमोर एक यादी असते आणि त्या यादीबाहेर जायचा अधिकार तिला नसतो. हात जोडून, आवाज चढवून किंवा म्हाताऱ्या माणसांकडे बोट दाखवून काही होत नाही. आम्ही तिन्ही करून पाहिलं.

आणि कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, असं तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं. एजंटची चूक असली तरी पैसे तुमचेच बुडतात.

पायरी पहिली : बुकिंगआधी कागद घ्या आणि मार्ग लिहा

एजंटला “व्हिसा लागेल का?” असं विचारू नका. तो “शेंगेन लागेल” म्हणतो आणि ते खरंही असतं. विचारायचं असतं ते वेगळंच : कुठल्या देशात किती वेळा शिरणार?

त्यासाठी वहीचं एक पान पुरतं. जहाजाचा मार्ग उभा लिहा, प्रत्येक बंदरापुढे देश, आणि त्यापुढे ‘आत’ किंवा ‘बाहेर’. मुंबईहून निघालेलं विमान कुठे बदलतं तेही लिहा. आमचं पान असं झालं असतं : अथेन्स विमानतळ, शेंगेन, आत. पिरेयस, तिथेच. मायकोनोस, तिथेच. कुशादासी, तुर्कस्तान, बाहेर. सँटोरिनी, पुन्हा आत. दोनदा ‘आत’ आलं, की मल्टिपल एंट्री. तुम्ही बंदरावर उतरणार की केबिनमध्ये झोपून राहणार, याने कंपनीला फरक पडत नाही.

भूमध्य समुद्रात हे फार वेळा होतं, कारण शेंगेनमधली आणि बाहेरची बंदरं शेजारी शेजारी आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला, त्यामुळे दुब्रोव्निक आता आत. तिथून जवळचं कोटोर मॉन्टेनेग्रोत, म्हणजे बाहेर. ट्युनिशिया बाहेर, तुर्कस्तान बाहेर, ब्रिटन आणि आयर्लंडही बाहेर. जिब्राल्टर स्पेनला चिकटलेलं असलं तरी ब्रिटनचं. जुन्या ब्लॉगवरची यादी वाचून ठरवू नका, यादी बदलते.

अर्ज भरताना ‘किती वेळा प्रवेश हवा’ या रकान्यात मल्टिपलवर खूण आहे ना, हे स्वतः पाहा. अर्जासोबतच्या पत्रात जहाजाचा मार्ग तारखांसह लिहा आणि पुन्हा आत कधी येणार हे स्पष्ट सांगा. मावशीचा अर्ज उशिरा, वेगळ्या एजंटकडून गेला. त्याने सवयीने सिंगलवर टिक केली. एवढ्याशा खुणेने सगळं ठरलं होतं, पिरेयसला ते फक्त आम्हाला कळलं.

पासपोर्ट परत आला की लिफाफ्यात ठेवून देऊ नका. स्टिकर वाचा : नाव, पासपोर्ट क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत, किती वेळा, किती दिवस. जहाज परत येण्याच्या तारखेनंतरही दोन-चार दिवस शिल्लक हवेत.

सिंगापूरची गंमत अशीच. आपल्याकडून बरेच लोक तिथल्या तीन-चार रात्रींच्या सफरीला जातात. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिल्यापासून लोकांना वाटतं, आता काही बघायलाच नको. पण पेनांगहून जहाज सिंगापूरला परत येतं तेव्हा तुम्ही सिंगापुरात नव्याने शिरता. त्या दिवशी सिंगापूरचा व्हिसा जिवंत हवा आणि त्यावर आणखी एक प्रवेश शिल्लक हवा. सिंगापूरचं ऑनलाइन अरायव्हल कार्ड येण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही, एवढं ओळखा. विमानाने येताना भरलं म्हणून जहाजाने परतताना चालेल असं समजू नका. मलेशियाचं डिजिटल कार्ड २०२४ च्या सुरुवातीपासून आणि थायलंडचं १ मे २०२५ पासून आहे. तुमच्या जहाजाच्या प्रवाशांनी कुठलं कधी भरायचं, हे कंपनीच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं. ती मेल लांबलचक असते आणि कुणी वाचत नाही. वाचा.

अमेरिकेत असलेल्या मराठी मंडळींसाठी वेगळं सांगते. सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजं वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या एखाद्या बंदराला थांबतात, अनेकदा संध्याकाळचे काही तास. हौस म्हणून नव्हे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने नुसत्या अमेरिकी बंदरांत माणसं फिरवू नयेत, असा तिथला १८८६ चा कायदा आहे, त्याची ही पळवाट. पण त्या चार तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर त्यातून सुटका, एच-१बी म्हणजे नोकरीचा व्हिसा असेल तर नाही. दरवर्षी मुलांना भेटायला गेलेल्या आईवडिलांची अलास्काची सफर इथेच अडते, कारण मुलगा-सून ग्रीन कार्डवाले आणि बुकिंग करताना त्यांना स्वतःचेच नियम आठवतात. आणखी एक : आय-७९७ हा कागद, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची मंजुरीची नोटीस, म्हणजे व्हिसा नव्हे. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असताना मेक्सिकोची क्रूझ घेण्याआधी वकिलाला आणि कंपनीला, दोघांनाही विचारा.

पायरी दुसरी : नाव

आपल्या नावांचा घोळ परदेशी संगणकाला कळत नाही. आपल्यात माणसाला नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. बाईला लग्नाआधीचं एक आणि नंतरचं एक, कधी नावसुद्धा बदललेलं. घरात बाळासाहेब, पासपोर्टात दत्तात्रय. आधारवर सुनंदा विलास, पासपोर्टवर माहेरचं आडनाव, आणि बुकिंग करणाऱ्या पुतण्याच्या डोक्यात नुसतं ‘नंदाकाकू’.

नियम सोपा आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळींत चिन्हांसकट जे छापलेलं असतं, ते नाव खरं. तेच तिकिटावर, तेच व्हिसावर, तेच ऑनलाइन चेक-इनमध्ये. एजंटला नावं फोनवर सांगू नका. पानाचा फोटो पाठवा, आणि बुकिंगची पावती आली की बोट ठेवून एकेक अक्षर जुळवा. एखाद्या अक्षराची दुरुस्ती आधी कळवली तर बहुतेक कंपन्या करून देतात. अख्खं आडनाव बदलायचं झालं तर ‘हा वेगळा प्रवासी’ असं धरून तिकीट रद्द करून नव्याने काढायला लावू शकतात.

लग्नानंतर पासपोर्ट बदलायला टाकला असेल आणि क्रूझ तोंडावर असेल, तर माझा सल्ला : तिकीट जुन्या नावाने आणि प्रवासही जुन्याच पासपोर्टवर. नव्याचा अर्ज परत आल्यावर. मधुचंद्राच्या तिकिटावर सासरचं आडनाव घालायची हौस अनेकांना महागात पडलेली आहे.

पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनावाचा रकाना रिकामा आहे, असेही लोक आहेत. दुबईहून निघणारी क्रूझ घेणार असाल तर लक्ष द्या : संयुक्त अरब अमिरातीने २०२२ च्या नोव्हेंबरपासून असे पासपोर्ट पर्यटक व्हिसावर घेणं बंद केलं. शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर सवलत मिळते, पण ती धक्क्यावर उभं राहून समजावत बसण्यापेक्षा आधी लेखी विचारून ठेवलेली बरी.

पायरी तिसरी : पासपोर्टाची मुदत आणि अवस्था

पासपोर्टाची मुदत सहा महिने शिल्लक हवी, आणि ते सहा महिने मोजायचे सफर संपण्याच्या दिवसापासून, निघण्याच्या दिवसापासून नव्हे. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे आईवडील हमखास विसरतात. दोन-तीन कोरी पानं हवीत. पावसात भिजून फुगलेला, शिवण सुटलेला, नातवाने पेन चालवलेला पासपोर्टही नाकारला जातो.

पायरी चौथी : बाळ, गरोदरपण, आणि कुणाची तरी मुलं

गरोदरपणात बहुतेक मोठ्या कंपन्यांची रेघ २४ आठवड्यांची. पण ती चढण्याच्या दिवशीची नाही. सफरीत कुठल्याही दिवशी चोविसावा आठवडा लागत असेल तरी नाही म्हणतात. चढताना २२ आठवडे पूर्ण झालेत आणि सफर १४ दिवसांची, म्हणजे उतरताना २४. झालं, दार बंद. त्यामुळे डॉक्टरच्या पत्रात ‘प्रवासास योग्य’ एवढंच लिहून भागत नाही. प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि सफरीच्या शेवटच्या दिवशी किती आठवडे भरतील, हे दोन्ही इंग्रजीत लिहून घ्या. जहाजावर दवाखाना असतो, प्रसूतिगृह नसतं.

तान्ह्या बाळाला साधारणपणे सहा महिने पुरे लागतात, आणि अटलांटिक ओलांडण्यासारखी लांब सफर असेल तर बारा.

नातवंडांना घेऊन निघालेल्या आजीआजोबांनो, हे तुमच्यासाठी. नातू तुमचा असला तरी काउंटरवर तो ‘आईवडिलांशिवाय प्रवास करणारा अल्पवयीन’ असतो. दोन्ही पालकांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र, त्यात जहाजाचं नाव आणि तारखा, आजारपणात उपचारांची परवानगी, सोबत पालकांच्या पासपोर्टच्या प्रती आणि मुलाचा जन्मदाखला. एकटी आई किंवा एकटे वडील मुलाला घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्र. घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा कोर्टाचा आदेश. हे घरगुती भांडण चव्हाट्यावर आणणं वाटतं, मला ठाऊक आहे, पण मुलं पळवून नेण्याचे खटले जगभर चालतात आणि कंपन्या त्यात पडत नाहीत. शिवाय अमेरिकेतून निघणाऱ्या अनेक जहाजांवर केबिनमध्ये २१ वर्षांवरचं निदान एक माणूस लागतं. कॉलेजच्या चौघी मैत्रिणी, सगळ्या १९-२० च्या, असा बेत तिथे बसत नाही.

पायरी पाचवी : आरोग्याचा फॉर्म

चढण्याआधी एक फॉर्म भरून घेतात : गेल्या काही दिवसांत उलट्या, जुलाब, ताप? ‘हो’ लिहिलं की जहाजाची नर्स किंवा डॉक्टर तपासतात आणि ते ठरवतात. दर वेळी परत पाठवतात असं नाही. कधी केबिनमध्ये एक-दोन दिवस वेगळं ठेवतात. खोटं ‘नाही’ लिहून चढलात आणि रात्री उलट्या सुरू झाल्या, तर मात्र पुढच्या बंदरावर उतरवू शकतात. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस जहाजावर वणव्यासारखा पसरतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा जहाजांसाठी वेगळा स्वच्छता कार्यक्रम आहे आणि ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की त्या साथीची जाहीर नोंद होते. कंपनीला ती बदनामी नको असते. निघण्याच्या आदल्या रात्री अनोळखी ठिकाणची पाणीपुरी टाळा, एवढंच मी म्हणेन.

ऑक्सिजन, डायलिसिस, व्हीलचेअर, झोपेत लागणारं श्वासाचं यंत्र यांतलं काही असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगायचं. धक्क्यावर पहिल्यांदा सांगितलं तर ‘आमच्याकडे सोय नाही’ एवढंच उत्तर मिळतं.

दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिकेतल्या पीतज्वर असलेल्या देशांची बंदरं असतील तर त्याची लस. दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. जहाजाने मागितला नाही तरी परतताना भारत मागतो, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतो. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिथे नंबर लागतो.

पायरी सहावी : बॅग

इस्त्री, किटली, मोठी सुरी, मेणबत्ती, उदबत्ती हे काढून घेतात, तेवढ्यावर भागतं. खरा धोका वेगळ्या गोष्टींचा. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सिंगापुरात नुसती जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. गुटखा आणि चघळायची तंबाखू तिथे बंद. आणि खसखस! आपल्या अनारशांवरची, डिंकाच्या लाडवातली साधी खसखस सिंगापूर आणि अमिरातीत अमली पदार्थांच्या यादीत येते. दुबईच्या लेकाला फराळ पोचवून तिथून क्रूझ धरायचा बेत असेल, तर अनारसे घरीच संपवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनाही अमिरातीत आधी परवानगी लागते.

मुंबईहून निघत असाल तर

मुंबई-गोवा-लक्षद्वीप या सफरींना भारतीयांना पासपोर्ट लागत नाही, म्हणून लोक फारच निवांत असतात. पण मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो नव्हे. पत्ता असलेलं ओळखपत्र न्या, पॅन कार्डावर भिस्त नको. लहान मुलांचंही न्या. लक्षद्वीपला १९६७ च्या नियमांनुसार प्रवेश परवाना लागतो. तो सहसा कंपनी काढते, पण त्यासाठी तुमची माहिती तिला मुदतीत मिळायला हवी. आदल्या रात्री ‘एक मेंबर वाढलाय’ हे इथे चालत नाही. तुमच्यासोबत परदेशी पासपोर्टवाला भाचा असेल तर त्याचं ओसीआय कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही हवेत, आणि लक्षद्वीपसाठी त्याचे नियम वेगळे, हे आधीच विचारा.

टर्मिनल बॅलार्ड पिअरला. सीएसएमटीहून जवळ आहे, पण सीएसएमटीपर्यंत पोचायचं कसं ते पाहा : रविवारी मेगाब्लॉक, पावसाळ्यात पाणी, अनंत चतुर्दशीला रस्ते बंद.

त्या दिवशी

काउंटर जहाज सुटण्याच्या क्षणाला बंद होत नाही. साधारण तास-दीड तास आधी बंद होतो, कारण प्रवाशांची अंतिम यादी सरकारला द्यायची असते. अमेरिकेत ती सुटण्याच्या ६० मिनिटं आधी पोचावी लागते. यादी गेली की तुम्ही समोर उभे असलात तरी जहाजासाठी तुम्ही आलेलेच नाही.

जहाजाच्या जाहिरातीत शहर असतं आणि बंदर दुसरीकडेच. ‘रोम’ म्हणजे चिविटावेक्किया, ७०-८० किलोमीटरवर. ‘लंडन’ म्हणजे बहुधा साउदॅम्प्टन, सव्वाशे किलोमीटरच्या वर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळजवळ २०० किलोमीटर. सिंगापुरात मरिना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन वेगळी टर्मिनलं, टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ’ म्हणालात तर तो एक निवडेल. म्हणून विमानाने एक दिवस आधी पोचा. त्याच दिवशी सकाळी उतरणारं स्वस्त तिकीट कधीच स्वस्त नसतं.

टर्मिनलच्या दाराशी पोर्टर मोठ्या बॅगा घेतात. त्या काउंटरच्या आधीच जातात! पासपोर्ट मोठ्या बॅगेत ठेवून ती पोर्टरला देणारे लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. मग अख्खं कुटुंब बाकावर बसून जहाजातून बॅग खाली येण्याची वाट पाहतं. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, संमतिपत्र, औषधं, चष्मा, एक जोडी कपडे : सगळं खांद्यावरच्या पिशवीत.

तरीही नाही म्हणाले तर

वाद घालण्यात पहिली दहा मिनिटं घालवू नका. तीच कामाची असतात.

पहिल्यांदा विचारा, नेमका कुठला कागद कमी आहे आणि काउंटर किती वाजता बंद होतोय. काही गोष्टी तिथल्या तिथे सुटतात : न भरलेलं अरायव्हल कार्ड, मेलवर मागवता येणारा जन्मदाखला, एखाद्या देशाचा ई-व्हिसा. त्यासाठी फोनमध्ये परदेशी डेटा आधीपासून चालू हवा. सुटत नसेल तर वरिष्ठांना बोलवायला सांगा आणि नाकारण्याचं कारण लेखी घ्या, निदान मेलवर. त्याशिवाय एजंटशी पुढे बोलता येत नाही. प्रवास विमा बहुतेक वेळा अपुऱ्या कागदांसाठी पैसे देत नाही, पण आजारपणामुळे नाकारलं असेल तर देऊ शकतो, त्यासाठीही तोच कागद लागतो. मग बॅग परत मागा. याला वेळ लागतो. पुढच्या बंदरावर जहाज गाठता येईल का, हेही विचारा, पण कंपनीच्या परवानगीशिवाय विमानाचं तिकीट काढू नका, कारण अनेक ठिकाणी मधूनच चढू देत नाहीत. आणि बाकीच्यांनी जायचं की थांबायचं, हे तिथेच, पण रांगेतून बाजूला होऊन ठरवा.

आमच्यात काका थांबले, बाकीचे गेलो. मावशीची बॅग दीड तासाने खाली आली. त्या दोघांनी चार दिवस अथेन्समध्ये काढले, अॅक्रोपोलिस दोनदा चढले. परत आल्यावर मी कंपनीला मेल लिहिली : सफरीचे पैसे अटींनुसार बुडाले हे मान्य, पण त्या दोघांसाठी भरलेले बंदरांचे कर तुम्ही सरकारला दिलेच नसणार. हे बहुतेक कंपन्या परत करतात, मात्र मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आमचे सात आठवड्यांनी आले.